प्रौढ मनोरंजन व्यवसायांचे स्थानिक नियमन : अमेरिकेतील घटनात्मक आव्हाने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रौढांसाठीची चित्रपटगृहे, पुस्तकांची दुकाने व नग्ननृत्यगृहे यांवर नगरपालिका मुख्यतः भूवापराचे नियम आणि परवाने यांद्वारे निर्बंध घालतात. संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो, या कारणावरून त्यांना आव्हान दिले जाते. कायद्याने अश्लील ठरलेल्या साहित्याला हे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे वाद उरतो तो लैंगिक आशयाच्या, पण अश्लील न ठरलेल्या सामग्रीपुरता.

डिट्रॉइटच्या नियमानुसार अशा चित्रपटगृहापासून १,००० फुटांच्या आत अन्य दोन ‘नियंत्रित’ व्यवसाय असता कामा नयेत. त्या यादीत मद्यालये, गहाणवटीची दुकाने आणि बूटपॉलिशची दुकानेही होती. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवला. ‘दुय्यम परिणाम’ या सिद्धांताचे, म्हणजे निर्बंध आशयावर नसून गुन्हेगारी व परिसराची अवनती यांवर आहे या युक्तिवादाचे मूळ सामान्यतः या निकालातील न्या. स्टीव्हन्स यांच्या एका तळटीपेत दाखवले जाते. तथापि लैंगिक अभिव्यक्तीचे मोल कमी मानणाऱ्या त्यांच्या विवेचनाला बहुमत नव्हते, आणि पाचवे मत देणाऱ्या न्या. पॉवेल यांनी हा प्रश्न भूवापराचाच मानला होता. म्हणून सिद्धांताची बहुमताने झालेली मांडणी १९८६ च्या, सिएटलजवळील रेंटन शहराच्या खटल्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. शहराने स्वतः पाहणी न करता सिएटलच्या अनुभवावर विसंबणे त्यात ग्राह्य ठरले. व्यवसायाला उरलेली सुमारे ५२० एकर जमीन, म्हणजे शहराच्या क्षेत्रफळाचा पाच टक्क्यांहून अधिक भाग, पुरेशी मानण्यात आली. ती जमीन प्रत्यक्षात विक्रीस वा भाड्याने उपलब्ध आहे का, हा व्यावसायिकांचा रास्त आक्षेप मात्र न्यायालयाने मोजला नाही.

संपूर्ण बंदीला हा आधार पुरत नाही. प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष सादर होणाऱ्या सर्व प्रकारच्या मनोरंजनाला मनाई करणारा न्यू जर्सीतील माउंट एफ्रेम या गावाचा नियम १९८१ मध्ये रद्द झाला. परवान्यांबाबत डॅलस (१९९०) व लिटलटन (२००४) हे निकाल, परवाना नाकारल्यास त्वरित न्यायालयीन निर्णय मिळण्याच्या हमीसाठी महत्त्वाचे आहेत. नग्ननृत्यावरील निर्बंध १९९१ व २००० मध्ये टिकले, पण दोन्ही वेळी न्यायमूर्तींची कारणमीमांसा विभागलेली होती.

लॉस एंजेलिस खटल्यात (२००२) न्या. केनेडी यांनी अशा नियमांना ‘आशयनिरपेक्ष’ म्हणणे वास्तवाला धरून नसल्याचे मान्य केले आणि अभिव्यक्ती घटवून परिणाम घटवता येणार नाहीत, अशी मर्यादा घातली. फलकांसंबंधीच्या २०१५ च्या गिल्बर्ट निकालाने आशयाधारित नियमांची कसोटी कडक केली. तरीही कनिष्ठ न्यायालये बहुतांशी रेंटनचाच आधार घेत आली आहेत.