नवीन अँटिबायोटिकचा शोध

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर चालेल असं नवीन औषध शोधायचं, एवढाच हा विषय, पण गेली कित्येक दशकं तो रखडलाय. 2019 मध्ये जगभरात अंदाजे 12.7 लाख लोक थेट अशा रेझिस्टंट इन्फेक्शनने गेले.

जुनी पद्धत सोपी होती. माती आणायची, त्यातले जिवाणू प्लेटवर वाढवायचे आणि कोणाच्या आजूबाजूला बाकीचे मरतात ते बघायचं. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन असंच मिळालं, पुढची वीसेक वर्षं तर नुसती चांदी होती, मग मात्र तेच तेच रेणू परत सापडायला लागले, कारण मातीतले बहुतेक जिवाणू लॅबमध्ये वाढतच नाहीत. त्यावर आयचिप नावाची युक्ती निघाली: बारीक भोकांच्या पट्टीत शक्यतो एका भोकात एकच जिवाणू ठेवायचा, दोन्ही बाजूंना पातळ पडदा लावायचा आणि पट्टी परत मातीतच ठेवायची, म्हणजे त्याला लागतं ते सगळं पडद्यातून मिळत राहतं. 2015 मध्ये जाहीर झालेलं टेक्सोबॅक्टिन यातूनच आलं. भारीच प्रकार आहे, पण ते ग्रॅम पॉझिटिव्ह (म्हणजे बाहेरचं जास्तीचं आवरण नसलेल्या) जिवाणूंवर चालतं आणि खरी गोची आहे ग्रॅम निगेटिव्हची.

क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर वगैरे ग्रॅम निगेटिव्ह मंडळींना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, त्यातून औषध आत शिरतच नाही, शिरलंच तर जिवाणूतले पंप ते बाहेर फेकतात, आणि पेनिसिलिनच्या खानदानातलं असेल तर बीटा-लॅक्टमेज एन्झाइम त्याची वाट लावतात. सेफिडेरोकॉल (अमेरिकेत मंजुरी 2019) इथे चलाखी करतं, ते लोहाला चिकटतं, आणि जिवाणूला लोह हवंच असतं म्हणून तो स्वतःच औषध आत ओढून घेतो. तरी काहींनी त्यावरही तोड काढलीच.

एआयचा गवगवा सध्या जरा जास्तच आहे. 2020 मध्ये एमआयटीच्या टीमने एआय वापरून हॅलिसिन नावाचं अँटिबायोटिक शोधलं, उंदरांवर चाललं, पण तिथून पेशंटपर्यंतचा रस्ता लांब असतो.

आणि पैसा! नवीन अँटिबायोटिक डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात (ठेवायलाच हवं), कोर्सही थोड्या दिवसांचा, मग खप होणार कुठून? अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला 2018 मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल 2019 मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. म्हणून इंग्लंडने 2022 मध्ये वेगळा मार्ग धरला, सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम या दोन औषधांसाठी किती वापर झाला ते न बघता कंपनीला वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची.