भिंतीवरचे मानकरी : ‘सार्डीज’ची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यवस्तीतील ‘सार्डीज’ या उपाहारगृहात पहिल्यांदा जाणाऱ्याचे लक्ष ताटाकडे जाण्याआधी भिंतींकडे जाते. काळ्या चौकटींतली, खाली त्या त्या व्यक्तीची सही असलेली शेकडो व्यंगचित्रे तिथे ओळीने टांगलेली आहेत. आज ती या जागेची ओळख आहेत, परंतु ती मुळात लावली गेली ती गिऱ्हाईक कमी पडले म्हणून.

मूळचे इटलीचे असलेले व्हिन्सेंट सार्डी आणि त्यांची पत्नी युजेनिया यांनी १९२१ मध्ये वेस्ट ४४व्या रस्त्यावर एक लहानशी खाणावळ सुरू केली. ती इमारत पाडायची ठरली, तेव्हा नाट्यव्यवसायातील बडे नाव असलेल्या शुबर्ट बंधूंनी जवळच बांधलेल्या इमारतीत त्यांना जागा दिली आणि १९२७ मध्ये तेथे ‘सार्डीज’ उघडले. नव्या जागेत धंदा मंदावला. पॅरिसमधील ‘झेलीज’ या ठिकाणी भिंतींवर नटनट्यांची व्यंगचित्रे असत, हे सार्डींना आठवले आणि त्यांनी ॲलेक्स गार्ड या रशियन निर्वासित चित्रकाराला हाताशी धरले.

त्यांच्यातील करार मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत लोभस भाग वाटतो. चित्रांचा मोबदला पैशांत नव्हे, जेवणात द्यायचा होता. शिवाय गार्डने जेवणाला नावे ठेवायची नाहीत आणि सार्डींनी चित्रांना, असेही ठरले होते. १९४७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर धाकट्या सार्डींनी, म्हणजे व्हिन्सेंट यांच्या मुलाने, या अटी बदलण्याची तयारी दाखवली, पण गार्डने ती नाकारली आणि १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो जेवणावरच चित्रे काढत राहिला.

केवळ चित्रांमुळे मात्र नाटकवाले इथे रमले नसते. काम नसलेल्या नटांना सार्डी उधारीवर जेवू घालत, त्यामुळे यश मिळाल्यावरही ती माणसे हे दार विसरली नाहीत. पहिल्या प्रयोगानंतर कलावंत आणि निर्माते इथे जमून, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील परीक्षणांची रात्री उशिरापर्यंत वाट पाहत. अभिनेत्री व दिग्दर्शिका अँटोनेट (‘टोनी’) पेरी यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने पुरस्कार द्यावा, ही कल्पना त्यांचे सहकारी निर्माते ब्रॉक पेम्बर्टन यांना इथेच जेवताना सुचली, असे सांगतात. १९४७ मध्ये ब्रॉडवे रंगभूमीसाठीचे ते टोनी पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा रंगकर्मींना वीस वर्षे आसरा दिल्याबद्दल थोरल्या सार्डींचाही विशेष गौरव झाला. उपाहारगृहाच्या मालकाला रंगभूमीने आपल्यातलाच मानले, याहून मोठी पावती कोणती!

१९८५ मध्ये धाकट्या सार्डींनी ही जागा विकली, पण काही वर्षांतच ती त्यांच्याकडे परत आली. १९८६ मध्ये नट जेम्स कॅग्नी यांचे निधन झाले आणि त्यांचे चित्र भिंतीवरून चोरीला गेले. तेव्हापासून मूळ चित्र सुरक्षित ठेवून भिंतीवर त्याची प्रत लावण्याची पद्धत पडली. गार्डने जेवणाच्या मोबदल्यात काढलेली चित्रे आता न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या नाट्यसंग्रहात जतन केलेली आहेत.