मातीतील जिवाणूंपासून जैव पृष्ठसक्रियकांची निर्मिती

सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या आणि पाण्याचे पृष्ठताण कमी करणाऱ्या संयुगांना जैव पृष्ठसक्रियक किंवा बायोसर्फॅक्टंट म्हणतात. त्यांच्या रेणूचा एक भाग जलस्नेही व दुसरा जलविरोधी असल्यामुळे ते तेल आणि पाणी यांच्या सीमेवर गोळा होतात व तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले ठेवतात. साबण व डिटर्जंट हेच काम करतात; रिठा आणि शिकेकाई यांचा फेसही त्यांतील सॅपोनिनांच्या अशाच गुणामुळे येतो. मातीतील जिवाणूंपैकी बॅसिलस सबटिलिस हा सर्फॅक्टिनसाठी, तर स्यूडोमोनस एरुजिनोसा हा रॅम्नोलिपिडांसाठी (रॅम्नोज ही साखर व मेदाम्ल जोडून बनलेल्या पृष्ठसक्रियकांसाठी) सर्वाधिक अभ्यासला गेला आहे.

सर्फॅक्टिनचा शोध १९६८ मध्ये जपानमध्ये अरिमा, काकिनुमा व तामुरा यांनी लावला. सात अमिनो आम्लांची साखळी एका मेदाम्लाशी जोडली जाऊन त्याचा वलयाकार रेणू बनतो. पाण्याचे पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असते. अत्यल्प सर्फॅक्टिनने ते सुमारे २७ पर्यंत उतरते. कारखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सोडियम डोडेसिल सल्फेट या कृत्रिम पृष्ठसक्रियकाचे मायसेल (पाण्यात रेणू एकत्र येऊन बनणारे सूक्ष्म पुंजके) तयार होण्यास लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल द्रव्य लागते, तर सर्फॅक्टिनला काही मायक्रोमोलच पुरतात. मात्र हा रेणू तांबड्या रक्तपेशींचे पटलही फोडतो, त्यामुळे औषध म्हणून त्याच्या वापराला मर्यादा येते. जिवाणूला स्वतःला या द्रव्याचा उपयोग पृष्ठभागावर पसरण्यासाठी, मुळांभोवती थर धरण्यासाठी आणि स्पर्धक सूक्ष्मजीवांना रोखण्यासाठी होतो.

उपयुक्त वाण सहसा तेलाने माखलेल्या मातीत शोधले जातात. माती अशा माध्यमात वाढवतात की ज्यात कार्बनचा स्रोत म्हणून केवळ डिझेल किंवा खाद्यतेल असते. तेलाचा वापर करू शकणारे जिवाणूच त्यात टिकतात. बॅसिलस हवा असल्यास मातीचे पाण्यातील मिश्रण ८० अंश सेल्सिअसला सुमारे १० मिनिटे तापवतात. इतर बहुतेक जिवाणू मरतात, बॅसिलसचे बीजाणू मात्र तगून राहतात. त्यानंतर संवर्धन द्रवाचा थेंब तेलाच्या पातळ थरावर टाकून तेल किती दूर सरते ते पाहतात, किंवा द्रव व केरोसीन एकत्र घुसळून २४ तासांनी पायस (तेल व पाण्याचे एकजीव मिश्रण) किती टिकला ते मोजतात. रक्त-अगारावर (रक्त मिसळलेल्या घट्ट माध्यमावर) जिवाणूंभोवती उमटणाऱ्या स्वच्छ वलयाची चाचणी सोपी असली तरी केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नाही, कारण रक्तपेशी फोडणारी इतर द्रव्येही तसेच वलय देतात.

निर्मितीतली खरी कसोटी जिवाणू वाढवताना लागत नाही, ती फेस आवरताना आणि द्रव्य वेगळे काढताना लागते. जिवाणूंना प्राणवायू हवा म्हणून टाकीत हवा सोडावी व द्रव ढवळावा लागतो, आणि ज्या द्रव्यासाठी हा खटाटोप चालतो तेच हवेबरोबर प्रचंड फेस उठवते; तो निर्गम नळीतून उतू गेला तर पेशी व माध्यम वाया जाते आणि बाहेरच्या जिवाणूंचा शिरकाव होण्याचा धोका वाढतो. फेसविरोधी रसायन घातल्यास ते पुढे शुद्धीकरणात अडथळा आणते. या अडचणीचाच उपयोग करण्याची सर्वांत समर्पक युक्ती कूपर व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवली: फेस सतत बाहेर काढून गोळा केला, तर सर्फॅक्टिन फेसातच एकवटलेले मिळते आणि उत्पादनही वाढते. माध्यमात लोह किंवा मँगेनीजचे क्षार वाढवल्यानेही उत्पादन सुधारते, असे त्यांना आढळले. गोळा झालेला फेस विरल्यावर पेशी अपकेंद्री यंत्राने दूर करतात, द्रवाचा सामू आम्ल घालून २ पर्यंत आणतात आणि खाली बसलेला साका सेंद्रिय द्रावकाने शुद्ध करतात.

रॅम्नोलिपिडांच्या निर्मितीत नायट्रोजन कमी पडू देणे फायद्याचे ठरते. पेशींची वाढ मंदावते आणि उरलेला कार्बन रॅम्नोलिपिडांकडे वळतो. सोयाबीन तेलावर लिटरमागे १०० ग्रॅमहून अधिक उत्पादन नोंदले गेले आहे. मात्र स्यूडोमोनस एरुजिनोसा दुर्बल रुग्णांना संसर्ग करणारा असल्याने मोठ्या कारखान्यात तो वापरणे जोखमीचे असते. म्हणून त्याची संबंधित जनुके निरुपद्रवी स्यूडोमोनस पुटिडामध्ये घालण्याचा मार्ग पुढे आला. एव्होनिक कंपनीने स्लोव्हाकियात २०२४ मध्ये सुरू केलेला रॅम्नोलिपिड कारखाना मक्यापासून मिळणाऱ्या साखरेवर चालतो.

सौंदर्यप्रसाधने व घरगुती स्वच्छकांखेरीज शेतीतला एक उपयोग महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्ष देण्याजोगा आहे. रॅम्नोलिपिडे ऊमायसीट या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांच्या गटातील रोगकारकांचे चलबीजाणू (पाण्यात पोहणारे बीजाणू) फोडतात, कारण त्या बीजाणूंना पेशीभित्तिका नसते. द्राक्षावरील केवडा हा रोगही याच गटातील रोगकारकाच्या चलबीजाणूंमुळे पसरतो.

कच्च्या मालाचा खर्च उतरवण्यासाठी साखर कारखान्यांतील मळी, दुग्धव्यवसायातील निवळी आणि तळणाचे तेल यांवर बरेच प्रयोग झाले आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील (नीरी) संशोधकांनी मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी व दह्याची निवळी वापरून स्यूडोमोनस एरुजिनोसापासून जैव पृष्ठसक्रियक मिळवल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध केले. टाकाऊ माल स्वस्त असला, तरी त्यातील रंगद्रव्ये, क्षार व प्रथिने शेवटच्या द्रव्यात उतरतात आणि वाचलेला पैसा शुद्धीकरणात जाऊ शकतो. त्यामुळे असा माल प्रसाधनांपेक्षा तेलाने दूषित झालेल्या जमिनीच्या उपचारासाठी अधिक योग्य ठरतो. तेथे पेशी काढून टाकलेला संवर्धन द्रव फारसे शुद्धीकरण न करताही वापरता येतो.