गिझेला रिक्टर आणि अथेन्सचा काळा रंग

ग्रीक कलेच्या अभ्यासक गिझेला रिक्टर (१८८२–१९७२) जन्माने लंडनच्या, शिक्षण केंब्रिजच्या गर्टन कॉलेजातलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९२५ ते १९४८ त्या ग्रीक-रोमन विभागाच्या क्युरेटर होत्या. भांड्यांवरची चित्रं नुसती बघून त्यांचं भागलं नाही. त्या कुंभारकाम शिकल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी अथेन्सच्या कुंभारांच्या कसबावर पुस्तक लिहिलं.

त्या भांड्यांवरचा चकचकीत काळा थर म्हणजे लोहयुक्त मातीचाच गाळ. माती पाण्यात कालवायची, जड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरचे अतिसूक्ष्म कण आटवून घट्ट करायचे. खरी करामत भट्टीतली. आधी हवा मोकळी ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, की सगळंच तांबडं होतं. मग झरोके बुजवून ओलं लाकूड घालायचं आणि ९०० अंशांच्या पुढे जायचं. कार्बन मोनॉक्साइड लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, भांडं काळं पडतं. याच वेळी गाळाचे कण एकजीव होऊन काचेसारखे मिटतात. शेवटी पुन्हा हवा सोडायची. सच्छिद्र माती परत तांबडी होते, मिटलेल्या थरात मात्र ऑक्सिजन शिरत नाही. थर नीट मिटण्याआधीच हवा सोडली, तर काळ्यात तांबडे डाग उठतात. गाळ पातळ लागला तर रंग तपकिरीवर जातो. या सगळ्यामागचं रसायन जर्मन रसायनज्ञ टेओडोर शूमान यांनी १९४० च्या दशकात उलगडलं.

आणि नेमक्या काळ्या रंगानेच रिक्टर यांचा एक निष्कर्ष खोडून काढला. संग्रहालयाने १९१५ ते १९२१ दरम्यान तीन भव्य मृण्मय योद्धे एट्रुस्कन, म्हणजे प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी घडवलेले, म्हणून विकत घेतले होते. १९३७ मध्ये रिक्टर यांनी त्यांवर अभ्यासग्रंथ काढला, ते अस्सल मानूनच. पुढे संग्रहालयातल्याच जोसेफ नोबल यांनी रंगाची रासायनिक तपासणी करवली. अथेन्सच्या काळ्यात सगळं काम लोहाचं. इथे मँगनीज डायऑक्साइड निघालं. ते साध्या एका भाजणीतही काळा रंग देतं, त्यामुळे तीन टप्प्यांची कटकटच नाही.

पुतळे बनावट होते. ते घडवणाऱ्यांपैकी एक, आल्फ्रेडो फिओराव्हांती यांनी १९६१ मध्ये तशी कबुली दिली. पुतळे अखंड भाजण्याएवढी मोठी भट्टी नव्हती, म्हणून ते आधी घडवून, मग फोडून तुकड्यांनी भाजले होते. एका योद्ध्याचा तुटका अंगठा त्यांनी जपून ठेवला होता. तो पुतळ्याच्या हाताशी चपखल जुळला.