कोंबडी वाढत नाही? औषधाआधी वजनकाटा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खाद्य न्यायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी नेहमी म्हणतं, "बाकीच्या चांगल्या भरल्या, ही एकटीच तशीच राहिली. एखादं टॉनिक द्या." टॉनिक आम्ही विकतो, पण कारण कळल्याशिवाय ते देण्यात अर्थ नाही. खाली सांगितलेली बरीचशी तपासणी घरच्या घरी, फुकटात होते. ती आधी करा.

लहान की हडकुळी?

कोंबडी हातात घ्या आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोटं फिरवा. हाडाच्या दोन्ही अंगांना मांस भरलेलं लागलं, तर ती नुसतीच लहान चणीची असण्याची शक्यता जास्त. बँटम जातीची कोंबडी पूर्ण वाढली तरी साधारण अर्धा ते एक किलोच भरते, आणि मिश्र पिल्लांमध्ये असं एखादं सहज येतं. हाड मात्र सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं, तर कोंबडी खंगते आहे. वरून बघून हे कळत नाही, कारण आजारी कोंबडी पिसं फुगवून बसते आणि उलट गुबगुबीत दिसते.

तुलना करायची ती एकाच जातीच्या, एकाच वेळी अंड्यातून निघालेल्या पिल्लांशी. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो. अंड्यावरच्या जातीच्या तलंगेला, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेल्या कोंबडीला, पूर्ण वाढायला 18 ते 20 आठवडे लागतात. आठवड्यातून एकदा, सकाळी खाद्य टाकण्याआधी, पिशवीत घालून वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. वाढत्या वयात वजन सावकाश का होईना चढत असेल, तर थांबून बघायला हरकत नाही. आकडा जागेवर अडकला किंवा खाली आला, तर कारण शोधायलाच हवं.

खाते का?

भांड्याजवळ उभी असते म्हणजे खाते, असं नाही. रात्री कोंबड्या बसल्यावर मानेच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजवीकडे खाद्याची पिशवी चाचपून बघा. ती भरलेली हवी, आणि पहाटे रिकामी. रात्रीच रिकामी लागली, तर तिला खायला मिळत नाही किंवा खाववत नाही. पहाटेही टणक गोळा लागला, तर लांब गवत किंवा धागा अडकला असेल. पिशवी मऊ, पाण्याने भरल्यासारखी लागून चोचीतून आंबूस वास आला, तर आत खाद्य आंबलं आहे. पालथी धरून ओकवायला जाऊ नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी हातातच जाते.

रात्री पिशवी रिकामी असण्याचं आमच्या अनुभवात सर्वांत जास्त सापडणारं कारण म्हणजे दादागिरी. कळपात शेवटचा नंबर असलेल्या कोंबडीला बाकीच्या टोचून हाकलतात. एकमेकांपासून दिसणार नाहीत अशा दोन-तीन जागी खाद्य आणि पाणी ठेवा. कित्येकदा एवढ्यानेच वजन चढू लागतं. चोचही बघून घ्या. वरची आणि खालची चोच कात्रीसारखी तिरपी झाली असेल, तर दाणा उचलता येत नाही. अशा कोंबडीला खोल भांड्यात ओलसर भरडा द्या.

खाते, पण काय?

मक्यात प्रथिनं जेमतेम 8 ते 9 टक्के असतात. पिल्लाला पहिले सहा ते आठ आठवडे सुमारे 20 टक्के लागतात, त्यानंतर ग्रोअरमध्ये, म्हणजे वाढत्या कोंबड्यांच्या खाद्यात, 16 ते 18. नुसत्या दाण्यावर पोट भरतं, अंग भरत नाही. मोकळ्यावर किडे टिपणाऱ्या कोंबडीचं थोडं भागतं, बंद खुराड्यातलीचं नाही. अख्खा दाणा देत असाल, तर तो दळायला पोटात बारीक खडेही हवेत.

उलट चूकही होते: सोपं पडतं म्हणून सगळ्यांनाच लेयर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य. त्यात 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाला 1 टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं खराब होतात. लहान-मोठ्या एकत्र असतील, तर सगळ्यांना ग्रोअर द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना हवा त्या खातात.

बुरशी आलेलं खाद्य टाकून द्या, आमच्याकडून घेतलेलं असलं तरी. त्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृतावर जातं आणि वाढ खुंटवतं, आणि उन्हात वाळवलं म्हणून खाद्य निर्धोक होत नाही.

खाल्लेलं जातं कुठे?

तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू पंख पाडून, पाठ कुबडी करून बसलं असेल, तर आधी विष्ठा बघा. रक्त दिसलं तर बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची लागण. रक्त दिसलं नाही म्हणूनही ती नाहीच असं नाही. सौम्य लागण नुसतीच वाढ रोखते. ओल्या तुसावर हा रोग फोफावतो, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस बदला. डॉक्टरांनी अँप्रोलियम दिलं, तर त्याच दिवसांत बी-1 जीवनसत्त्वाचं टॉनिक पाजू नका. हे औषध कॉक्सिडियाला बी-1 मिळू न देऊनच काम करतं.

जंत विष्ठेत क्वचितच दिसतात. ताजी विष्ठा तपासून घ्या आणि मगच औषध द्या. त्यांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे त्याच अंगणात पुन्हा लागण होते.

तुरा फिका पडला असेल, तर रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांडीची खालची बाजू बघा. तांबड्या माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडीवर पावडर टाकून भागत नाही, खुराड्याच्या फटी साफ कराव्या लागतात. उवा मात्र अंगावरच राहतात. शेपटीखाली पिसांच्या मुळाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे झुबके दिसतात.

भरून न येणारं

साधारण सहा आठवड्यांपासून पुढे एक पाय पुढे, एक मागे असा पडला आणि कोंबडी खंगत गेली, तर मॅरेक्स या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या. यावर उपचार नाही. लस असते, ती पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते. पिल्लं घेताना टोचली आहे का ते विचारा, आम्हालाही. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब मिळाली नाही, तर पिल्लं खाणं सोडून एकमेकांना चिकटून बसतात, आणि त्यातलं एखादं कायमचं मागे राहतं. ते खातं-पितं असेल, तर लहान राहूनही नीट जगू शकतं.

अचानक एकापेक्षा जास्त कोंबड्या मलूल झाल्या, माना वेळावू लागल्या किंवा मेल्या, तर मानमोडीसारखा साथीचा रोग असू शकतो. अशा वेळी कोंबडी दुकानात आणू नका, पशुवैद्यकाला कळवा. एरवी चौकशीला येताना वजनाची वही आणि खाद्याच्या पोत्यावरचं लेबल घेऊन या. औषध सुरू झालं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही डॉक्टरांना विचारून घ्या.