बंद लँडफिलवर सामुदायिक सौर प्रकल्प : न्यू जर्सीत अर्ज कसा होतो, कागद कोणते लागतात

सामुदायिक सौर म्हणजे एका प्रकल्पाच्या विजेचं श्रेय अनेक ग्राहकांच्या बिलात जमा करणं. न्यू जर्सीचा असा कार्यक्रम 2019 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला आणि ऑगस्ट 2023 मध्ये वीजसेवेवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजने (बीपीयू) तो कायमस्वरूपी केला. एडिसनसारख्या ठिकाणी अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना स्वतःचं छप्पर नसतं. तेही यात ग्राहक होऊ शकतात. इमारतींची छपरं आणि पार्किंगवरचे मांडव यांच्याबरोबरच बंद लँडफिलही (कचऱ्याचे भराव, जे वर मातीचं झाकण घालून बंद केले आहेत) कार्यक्रमात मान्य आहेत. आमच्या मते यातला सर्वांत मोलाचा भाग हाच, कारण त्या जमिनीवर घरं बांधता येत नाहीत आणि पीकही घेता येत नाही.

प्रकल्पाची पात्रता

एका प्रकल्पाची कमाल क्षमता 5 मेगावॉट (डीसी). 550 वॉटची पॅनेलं धरली तर सुमारे 9,100 पॅनेलं बसतात आणि ढोबळमानाने 20 ते 25 एकर लागतात. हे क्षेत्र भरावाच्या माथ्यावरच्या सपाट भागाचं धरा, उतार मोजू नका. किमान 51 टक्के क्षमता कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या ग्राहकांसाठी राखावी लागते.

आधी डीईपी, मग बीपीयू

अर्जदार नगरपालिका असो की खासगी विकासक, पहिली भेट राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाशी (डीईपी) ठरवावी. बंद लँडफिलची देखभाल साधारण 30 वर्षं चालते आणि तिचा आराखडा मंजूर झालेला असतो. त्यावर पॅनेलं बसवायची तर त्या आराखड्यात बदल मंजूर करून घ्यावा लागतो. परवाने हाती नसताना बीपीयूकडे गेलेला अर्ज अपुरा ठरतो. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो.

डीईपीसमोर ठेवायच्या नकाशात कचऱ्यातला वायू बाहेर काढणाऱ्या विहिरी, भूजल तपासणीच्या विहिरी, पाणी वाहून नेणारे चर आणि झाकणाच्या प्रत्येक थराची जाडी दाखवा. संघीय नियमांनुसार झाकणात किमान 18 इंच पाणी अडवणारा थर आणि त्यावर 6 इंच मातीचा थर लागतो. त्यात खांब ठोकला की झाकण फुटलं. म्हणून रॅक (पॅनेलांचे सांगाडे) काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करतात, केबल जमिनीवरच्या ट्रेमधून नेतात आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) शक्यतो भरावाबाहेरच्या मूळ जमिनीवर ठेवतात. आवारातल्या कोणत्याही बंदिस्त खोलीत मिथेन (कचरा कुजून तयार होणारा ज्वलनशील वायू) 1.25 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. स्फोटाला पुरेशा किमान प्रमाणाचा हा चौथा हिस्सा.

खचण्याचा अंदाज देणारा भू-तांत्रिक अहवाल स्वस्तात उरकू नका. कचरा कुजतो तसा भराव बसत जातो, पण सगळीकडे सारखा नाही. एक ठोकळा चार इंच खाली गेला आणि शेजारचा जागेवरच राहिला, की रॅकची पट्टी पिळवटते आणि पॅनेलच्या काचेला तडा जातो. खोलगट जागी पावसाचं पाणी साचतं, झाकणातून मुरतं आणि कचऱ्यातलं विष घेऊन खाली झिरपतं. ज्यासाठी झाकण घातलं तेच मग वाया जातं.

बीपीयूच्या अर्जासोबत

जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा, मिळालेले परवाने, वीज कंपनीची जोडणीसाठीची सशर्त मंजुरी आणि ग्राहकांना द्यायच्या सवलतीची हमी, हे कागद जोडावे लागतात. सवलत किमान 15 टक्के. उपलब्ध क्षमतेपेक्षा अर्ज जास्त आले, तर जास्त सवलत देणारा प्रकल्प आधी निवडला जातो.

ग्राहकाने काय तयार ठेवावं

प्रकल्प ज्या वीज कंपनीच्या हद्दीत आहे, तिचंच बिल आपल्या नावावर हवं. ताजं बिल आणि खाते क्रमांक ठेवा. बिल घरमालकाच्या नावावर असेल तर नोंदणी अडते. कमी उत्पन्नाच्या गटासाठी एलआयएचईएपी किंवा युनिव्हर्सल सर्व्हिस फंडासारख्या, ऊर्जा बिलासाठी मदत देणाऱ्या योजनेतला सहभाग पुरावा म्हणून चालतो आणि स्वयंघोषणाही मान्य आहे. काही नगरपालिका रहिवाशांना आपोआप सामील करून घेतात. तसं पत्र आलं तर ते वाचल्याशिवाय टाकू नका, कारण नको असल्यास बाहेर पडायची सोय त्यातच दिलेली असते.

सवलतीचा घोळ मात्र बहुतेकांचा होतो. 15 टक्के हे संपूर्ण बिलावर नसून बिलात जमा होणाऱ्या सौर श्रेयावर असतात : 100 डॉलर जमा झाले, तर त्यांचे प्रकल्पाला जास्तीत जास्त 85 द्यायचे. करारात हा आकडा लिहिलेला आहे का, ते सही करण्याआधी पाहा.