मुदतीआधी गाळा सोडताना: लॉक-इन आणि नोटीस

धंदा चालला नाही म्हणून, किंवा इतका चालला की जागा पुरेना म्हणून, दुकानदार आमच्याकडे येतो आणि विचारतो, "पाच वर्षांचा करार आहे, मध्येच गाळा सोडता येईल का?" उत्तर त्याच्याच करारात असतं. पण नोंदणीचा अंगठा-फोटो झाला की करार जो फाइलीत जातो, तो पुन्हा उघडलेला नसतो.

महाराष्ट्रात दुकानं-ऑफिसं बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरायच्या परवान्यावर, जास्तीत जास्त ६० महिन्यांसाठी घेतली जातात. सुरुवातीचा काही काळ लॉक-इन, म्हणजे तेवढ्यात जागा सोडायची नाही, त्यानंतर नोटीस देऊन सोडायची मुभा, अशी साधारण रचना. सोडायची मुभा देणारं कलमच नसेल, तर ठरावीक मुदतीच्या करारातून मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही. ही मुभा फक्त तुम्हाला आहे की मालकालाही, तेही सही करण्याआधी बघा.

सगळ्यात जास्त पैसे एका वाक्यरचनेत अडकतात. समजा, करार १ एप्रिल २०२४ पासून आहे, लॉक-इन २४ महिने आणि नोटीस तीन महिन्यांची. "लॉक-इननंतर केव्हाही जागा सोडता येईल, मात्र तीन महिने आधी नोटीस द्यावी" असं लिहिलं असेल, तर डिसेंबर २०२५ संपण्याआधी नोटीस पोचवून ३१ मार्च २०२६ ला लॉक-इन संपताच मोकळं होण्याचा मुद्दा भक्कम असतो. "लॉक-इन संपल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन" असं असेल, तर मालक म्हणणार की नोटीसच १ एप्रिल २०२६ नंतर देता येते. म्हणजे ३० जूनपर्यंतचं भाडं गेलं. करार करतानाच यातलं एक स्पष्ट लिहून घ्या, आम्ही तरी तेच सांगतो.

नोटीस म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर "शेठ, मार्चअखेर सोडतोय" नव्हे, आणि शेठनी उत्तरात होकाराचा अंगठा पाठवला तरीही नव्हे. करारात ज्या संस्थेचं नाव लायसन्सी (जागा घेणारा) म्हणून आहे, तिच्याच लेटरहेडवर, करारातल्या पत्त्यावर, सहमालक असतील तर प्रत्येकाला पाठवा. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, जुन्या करारात "आर.पी.ए.डी." (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) असेल तर स्पीड पोस्टाची पोच घ्या, शिवाय हातोहात एक प्रत देऊन सही घ्या.

"शेवटचे महिने डिपॉझिटमधून वळते करा" हे परस्पर ठरवू नका. भाडं थकलं की "अटी पाळल्या नाहीत, म्हणून नोटीस ग्राह्य नाही" असं म्हणायला मालकाला आयतं कारण मिळतं. वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स भरा, पार्टिशन-फर्निचर काढायचं ठरलं असेल तर काढा, किल्ल्यांची पावती घ्या. मालक किल्ल्या घेत नसेल, तर त्या द्यायला गेलो होतो हे त्याच दिवशी लेखी कळवा.

लॉक-इनमध्येच सोडलं तर? मालक उरलेलं सगळं भाडं मागतो. समजा, महिन्याचं भाडं ६०,००० आणि १४ महिने बाकी: मागणी ८,४०,०००. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं. गाळा चार महिन्यांनी ५५,००० ला पुन्हा गेला, तर चार रिकाम्या महिन्यांची तूट २,४०,००० अधिक पुढच्या १० महिन्यांच्या फरकाचे ५०,०००, म्हणजे २,९०,०००. तडजोडीची बोलणी या आकड्यापासून सुरू करा.

मालकांसाठी: नोटिशीत खोट दिसली तर लगेच लेखी हरकत घ्या. मुकाट्याने किल्ल्या घेऊन, गाळा दुसऱ्याला देऊन, मग वर्षाने भाडं मागायला गेलात तर बाजू लंगडी पडते. आणि नोंदणी टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. लॉक-इन हीसुद्धा एक अटच. (एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना दिलेल्या जागांना हा कायदा लागू नाही.)

नोटीस पाठवण्याआधी नोंदलेला करार, इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा कराराच्या तपशिलाचा उतारा) आणि शेवटच्या भाड्याची पावती घेऊन या. तारखा आणि कलमं आम्ही तपासून देतो. कोर्टाची वेळ आली, तर ते काम वकिलांचं.